बोटीवरचं बुजगावणं

माझा प्रदीप बोटीवर खलाशी आहे, म्हटलं की वैरागच्या बाजारात लोक अजून टकामका बघतात. इथं विहिरीला पाणी लागलं तर आम्ही पेढे वाटतो, आणि पोरगं निघालं समुद्रात! सोलापुरात नोकरी धरली असती तर रविवारी तरी दिसला असता. बायको, नागूबाई, गेल्यापासून मळ्यातल्या घरात मी एकटाच. पोराचा फोन आला की तो विचारणार, जेवलात का, गोळ्या घेतल्या का. संपलं.

त्या दिवशी मात्र त्याने भलतंच विचारलं. "आण्णा, बुजगावणं कसं बांधायचं?"

"समुद्रात ज्वारी पेरलीस काय रं?"

तो हसला. बोट सोमालियाच्या बाजूने जाणार होती. तिथं चाचे होड्यांतून येतात, शिड्या लावून वर चढतात आणि खलाशांना ओलीस धरतात. म्हणून कठड्याला काटेरी तारा लावायच्या आणि डेकवर बुजगावणी उभी करायची, म्हणजे लांबून पहारा मोठा वाटतो. शेतकऱ्याचा मुलगा म्हणून कप्तानाने ते काम प्रदीपवर सोपवलं होतं. आणि या पठ्ठ्याने जन्मात बुजगावणं बांधलं नव्हतं!

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. कित्येक वर्षांत त्याने मला काही विचारलंच नव्हतं. "एक खांदा खाली ठेव, ताठ मानूस खोटा दिसतो. आन् रोज जागा बदल. येका जागी ऱ्हायलं की पाखरंबी वळखत्यात."

"बरं. आता काही दिवस फोन लागणार न्हाय," तो म्हणाला. "मोबाइलवरच्या नकाशातला बोटीचा ठिपकाबी दिसणार न्हाय. बोट कुठं हाय ते चाच्यांना कळू नये म्हणून बंद ठेवत्यात. घाबरू नका."

घाबरू नका म्हणणाऱ्याचं काय जातं? ठिपका गेला आणि भाकरी ताटातच राहायला लागली. शेजारचा भीमाशंकर "येईल की फोन" म्हणायला यायचा, तेव्हा त्याला हाकलून द्यावंसं वाटायचं. तो गेला की वाटायचं, अजून जरा बसला असता. ज्वारी हुरड्यात आली होती. गोफण मांडीवर ठेवून मी मोबाइलकडे बघत बसायचो आणि पाखरं खुशाल कणसं फोडायची.

एका सकाळी फोन वाजला. "आण्णा, पार झालो."

एक होडी जवळ आली होती, म्हणाला. सगळे आतल्या लोखंडी खोलीत दार लावून बसले. होडी घिरट्या घालून निघून गेली. कशाला भ्याली, कुणास ठाऊक. मग त्याने डेकचा फोटो पाठवला. कठड्याशी नारिंगी कपड्यांतली चार-पाच माणसं होती. मी पोराला लगेच ओळखलं.

"लई वाळलास रं. ह्यो कडंचा, खांदा पाडून हुबा हायस की."

"आण्णा, त्यात मी न्हाय. ती सगळी बुजगावणी हायत. फोटो मीच काढलाय."

जन्मभर बुजगावणी बांधली आणि मीच फसलो! दोघंही खूप हसलो. "घरी कवा येतूस?" मी विचारलं. अजून पाच-सहा महिने, म्हणाला. फोन ठेवल्यावर मात्र रडू आवरलं नाही.

दुपारी पेटीतून त्याचा जुना निळा शर्ट काढला. बुजगावणं बांधलं, एक खांदा खाली ठेवून, आणि घरासमोरच्या ज्वारीत उभं केलं.

चार दिवसांनी भीमाशंकर ओरडला, "धोंडिराम, जागा बदल की त्येची! पाखरं खांद्यावर बसायलीत."

"बसू देत," मी म्हटलं. "तितं हाय तवर दारातनं दिसतोय."