परसातला उतार

“अप्पा, सोडू नका! सोडलं तर सरळ गटारात जातंय बघा ह्ये!”

चांदसाब ओरडला, तशी सिद्धलिंगप्पांनी त्या हिरव्या गुळगुळीत धुडाला दोन्ही हातांनी मिठी मारली. इतकी घट्ट मिठी त्यांनी आयुष्यात कुणालाच मारली नव्हती. पोटच्या पोराला तर नाहीच.

धूड म्हणजे जाड चिनी मातीची शेगडी. त्यांच्या मुलानं, मल्लेशनं, ती पुण्याहून पाठवली होती, कारण त्याच्या सोसायटीला बाल्कनीतला धूर चालत नव्हता. “परसात ठेवा, पण एकदम सपाट जागेवर. कलंडली तर फुटेल. बसवून झाली की सांगा, रविवारी आम्ही सगळे येतो,” तो फोनवर म्हणाला होता. एरवी मल्लेश लग्नाला नाहीतर मयताला यायचा, आणि गाडी लावतानाच तिचं तोंड पुण्याकडं करून ठेवायचा.

शेगडीचा आकार पाहून त्यांच्या बायकोनं, काशम्मांनी, तोंडावर हात ठेवला होता. “अय्यो, अंडंच की हो हे! देवघरासमोरून नेऊ नका.” म्हणून ती बाजूच्या बोळातून मागं आली.

मागं मात्र उतार होता. विटा लावल्या, फळ्या लावल्या. शेगडी डुलायची थांबेना. शेजारचा चांदसाब जन्मभर टेंपो चालवून नुकता घरी बसला होता. त्यानं पहार जमिनीत रोवली.

“विटांचा खेळ बास करा. वरची माती काढू, खालच्या बाजूला टाकू. वर मुरूम, मुरमावर फरशी. झालं की.”

“होईल?”

“न व्हायला काय, डोंगर हाय का?”

सिद्धलिंगप्पांनी फावडं हातात घेतलं, आणि कितीतरी वेळ ते तसंच हातात राहिलं.

मल्लेशचं लग्न झालं तेव्हा त्यानं याच परसात एक खोली मागितली होती. वेगळ्या चुलीसकट. भुवनेश्वरीच्या माहेरी अंडी चालत. कधीमधी केली तर पुढच्या घराला त्रास नको, इतकाच त्याचा अर्ज होता. सिद्धलिंगप्पा नाही म्हणाले नाहीत. सरकारी कचेरीत मुरलेला कारकून तोंडानं नाही म्हणतच नसतो; तो तांत्रिक कारण देतो. दुसऱ्या दिवशी पाठीमागं हात बांधून त्यांनी परसातून दोन फेऱ्या मारल्या आणि शेरा दिला, “जागा उताराची आहे. काळी माती. पाया धरणार नाही.” मल्लेशही कारकुनाचाच पोरगा. अशा शेऱ्यावर अपील नसतं, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं पुण्यात नोकरी शोधली.

चांदसाबनं खणायला सुरुवात केली. ऊन चढेपर्यंत मुरूम चोपून झाला, शहाबादी फरशी बसली. काशम्मांनी पूजेला आणलेलं लिंबू चांदसाबनं फरशीच्या मधोमध ठेवलं. लिंबू हललं नाही.

“बघा! आता तोंड का पाडलंय?”

“चांदसाब, एका अंगाला जरासं वाकडं ठेवता येईल?”

“आं?”

“जरासंच. मल्लेशला उतार दिसला पाहिजे.”

चांदसाबनं गळ्यातल्या टॉवेलनं तोंड पुसलं. “अप्पा, तवा पोराचं सामान माझ्याच टेंपोत भरलं हुतं. पुणं येईस्तोवर एक शब्द बोलला न्हाय त्यो. आता वाकड्यावरनं शेगडी पडली, तर रविवारी बी यायचा न्हाय. बघा, तुमी म्हणाल तसं.”

सिद्धलिंगप्पांनी लिंबू उचललं. “राहू दे सरळ,” ते म्हणाले.

दोघांनी धापा टाकत शेगडी फरशीवर चढवली. काशम्मांनी तिच्यावर विभूतीची तीन बोटं ओढली. आता घरात आलंच आहे तर आलं, असं त्यांचं मत झालं होतं.

रविवारी मल्लेश आला. भुवनेश्वरी वांग्यांना तेल चोळत बसली. तिच्याजवळ जाऊन सिद्धलिंगप्पा हळूच म्हणाले, “अंडी आणली असती तरी चाललं असतं हं.”

“सोडली की, अप्पा. पित्त होतं मला,” ती हसून म्हणाली.

मल्लेशनं शेगडीभोवती चक्कर मारली, एक डोळा मिटून फरशीची कड पाहिली. “एकदम लेव्हलमध्ये आहे. कुणी केलं?”

“मी आणि चांदसाबनं.”

मल्लेश फरशीवरून भिंतीकडं पाहू लागला. मग दुसऱ्या भिंतीकडं. एका खोलीची जागा माणूस जशी डोळ्यांनी मापतो, तशी त्याची नजर फिरली.

“किती दिवस लागले?”

मातीला ओल होती, गवंडी मिळेना, मुरूम मिळेना. सिद्धलिंगप्पांनी कारणं तयार ठेवली होती. सगळी तांत्रिक होती.

“जेवायच्या आत झालं,” ते म्हणाले.

मल्लेशनं चिमट्यानं शेगडीवरचं कणीस उलटलं. दाणे तडतडले. मग तो म्हणाला, “अप्पा, जरा मागं सरका. धूर लागेल.”

दिवेलागणीआधी गाडी पुण्याला निघाली. काशम्मा दारातच उभ्या राहिल्या. सिद्धलिंगप्पा मागं आले, सांडलेली राख आणि कणसांची पानं गोळा केली आणि फरशीवर बादलीभर पाणी ओतलं. एरवी परसात टाकलेलं पाणी सांगावं न लागता गटाराकडं धावायचं. आज ते फरशीवर पसरलं आणि तिथंच थांबलं. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग खराटा घेतला, आणि वाकून ते पाणी स्वतःच बाहेर लोटू लागले.