वर उचललेला हात

संकलनयंत्राच्या कळेवरचा बाण झिजून पार पुसला गेला होता, तरी तिचं बोट बरोबर तिथेच पडत होतं — एक टिचकी, चित्राची एक चौकट पुढे, दादाचा हात कोपरापर्यंत वर, आणखी एक, ओठ विलगलेले, आणखी एक... आणि हसू. हसावं ते दादानंच. चारचौघांत असा हसायचा की बघणाऱ्याला वाटावं, या माणसाच्या पोटात काही म्हणून राहत नसणार.

"हां, इथंच," मागच्या खुर्चीतून वहिनी म्हणाली. "इथंच थांबवा, वन्सं. उद्या शोकसभेत सगळ्यांनी त्यांचा हाच चेहरा बघून घरी जावं."

थांबवायचं म्हणजे फ्रीज फ्रेम. तीसुद्धा दादानंच शिकवलेली, याच खोलीत, ती, त्याची धाकटी बहीण, कॉलेज सोडून त्याच्या हाताखाली आली तेव्हा. धावत्या चित्रातली एक चौकट उचलायची आणि तीच ती दाखवत राहायची. बघणाऱ्याला वाटतं, काळच थबकला. आवाज मात्र खाली चालू ठेवता येतो. "शेवट सुचेना की सरळ फ्रीज कर," दादा म्हणायचा, "लोक बसतात अर्थ लावत." लावले लोकांनी अर्थ, डोक्यावर घेतलं त्याला, आणि डोळे फोडून त्याच्या सिनेमांचे ते शेवट जमवले कुणी? तिनं. पडद्यावर संकलनापुढे नाव दादाचं. ती काय, घरचीच आहे, तिला कशाला हवंय नाव... असं तोच परस्पर सांगून टाकायचा आणि ही बावळट मान डोलवायची.

पण तो एक पुरस्काराचा दिवस होता. दादा मंचावर, मानचिन्ह हातात, आणि एकदम पहिल्या रांगेकडे वळून त्यानं हात वर केला — ये, वर ये. ती उठलीसुद्धा, पण लोक टाळ्या वाजवत उभे राहिले, एकच गर्दी झाली, पोचताच आलं नाही. नवऱ्याला, भाच्यांना, वहिनीला तर दहादा सांगून झालं होतं. त्या एका हातावर तिनं बाकीचं सगळं गिळलं होतं. उद्या तो हात पडद्यावर थांबेल, एकदाचं दिसेल लोकांना, म्हणून तर तिनं हे काम आपणहून अंगावर घेतलं होतं.

वहिनी चष्मा पुसत होती. सवयीनं तिनं फीत पुढे चालू केली.

हात खाली आला. तळवा जमिनीकडे, दोनदा, आगाऊ पोराला दटावावं तसा. हसू तसंच. तिच्या कानावरच्या हेडफोनमध्ये, टाळ्यांच्या खालून, दादा: "तू कुठे निघालीस? खाली बस."

ती मागे गेली, पुन्हा पुढे आली. चित्राच्या कडेला एक पाठ — तिचीच — हात वर जायच्या आधीच अर्धी उठलेली, आणि मग मुकाट खाली बसलेली. कुणी उभं राहिलेलं नाही. गर्दी कुठली? सगळे आपापल्या खुर्च्यांत, टाळ्या वाजवत.

ही मूळची, न कापलेली फीत. तेव्हा बातमीसाठी तिनंच ती हात वर गेल्या क्षणी कापली होती, पुढचं टाकून दिलं होतं. कट तिथे छान पडत होता म्हणून... छान पडत होता म्हणून? मग तो कापलेला तुकडाच बघत राहिली, आणि बघता बघता तोच खरा झाला. लोक दुसऱ्यांना फसवायला चित्र कापतात. मी कुणासाठी कापलं? दादावर राग येईना, तो तर सरळ बोलला होता. स्वतःचीच किळस आली.

चित्र थांबवून खाली आवाज तसाच सोडला तर? हसरा दादा, आणि भरल्या सभागृहात, "खाली बस." क्षणभर मजा वाटली, खरंच वाटली. मग लोक वळून कुणाकडे बघतील ते तिच्या लक्षात आलं, आणि तिनं तेवढा आवाज काढून टाकला.

चौकट थांबली. ओठांवर हसू, हात वर.

"बघा, कसे बोलावतायत तुम्हाला," वहिनीनं डोळे टिपले. "उद्या तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं हं, वन्सं."

"बसते," ती म्हणाली.

वहिनी चहा सांगायला बाहेर गेली. ती त्या हाताकडे बघत राहिली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला उठावंसं वाटलं नाही.