कालव्याच्या टोकाचं पाणी

नव्वद साली परभणीकडच्या एका पाटबंधारे कचेरीत संगणक आला, तेव्हा अभियंता सुमंगलानं स्वतःच एक प्रोग्राम लिहिला. कालव्यात ठिकठिकाणी मोजलेल्या पाण्याचे आकडे भरले, की पाणी कुठं गळतं ते त्यातून कळायचं. कालव्याच्या टोकाच्या शेतांना पाणी कधीच पोचत नसे. आकड्यांनी चुडावा गावाच्या अलीकडच्या पुलाजवळची जागा दाखवली.

"यंत्राला काय कळायलंय?" साहेब व्यंकटराव म्हणाले, पण पाहायला सोबत आले.

पुलाखालचा भराव खेकड्यांनी पोखरला होता आणि पाणी ओढ्यात जात होतं. व्यंकटरावांनी लगेच माणसं लावून भरावातली बिळं बुजवली.

कालव्याला पाणी सोडायच्या पुढच्या पाळीला टोकाच्या शेतात पाणी आलं. शेतमालकीण कस्तुराबाई त्यात उभ्या राहून हसत होत्या.

"बाई, तुमीबी या की! लय गार हाय."

सुमंगला चपला काढून पाण्यात उतरली.

"उद्या दुसऱ्या कालव्याचे आकडे भरू," काठावरून व्यंकटराव म्हणाले.