पाण्याची घुसखोरी

"काका, पाय मागे घ्या. अर्धा पाय त्यांच्या देशात गेलाय."

परदेशी दूतावासाच्या फाटकावरच्या हवालदाराने हे इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगितलं की माळी दचकून दोन पावलं मागे सरला. एकोणीस वर्षं तो रोज सकाळी खुरपं घेऊन याच फाटकातून आत जात होता. पण दोन देशांचं बिनसलं. इथल्या पोलिसांनी त्यांच्या एका अधिकाऱ्याला पकडलं, ते म्हणाले, आमच्या माणसाला हात लावायचा तुम्हाला हक्कच नाही. शब्दाने शब्द वाढला आणि राजदूतसाहेब अठ्ठेचाळीस तासांत बायकामुलांसह विमानात बसले. दूतावासाला कुलूप लागलं. आता तिथे पोलिसाने जायचं नाही, मंत्र्यानेही नाही. परवानगीशिवाय दुसऱ्या देशाच्या दूतावासात पाऊल टाकायचं नाही, असा कायदाच आहे.

"अरे, पण गुलाबाला कुठे कायदा कळतो?" माळी म्हणाला.

गुलाबाची कथा हवालदाराला पाठ होती. सात वर्षं जंगली गुलाबाच्या खोडांवर कलमाचे डोळे भरून भरून माळ्याने तो पिवळा गुलाब साधला होता. पाकळीच्या कडेला तांबूस झाक, आणि वास असा की राजदूतसाहेब सकाळचा चहा त्याच्याशेजारी उभं राहून पीत. तसं झाड जगात एकच होतं आणि ते भिंतीच्या आत होतं. ऊन तापायला लागलं होतं. आठ-दहा दिवस पाणी मिळालं नाही की खेळ खलास.

घरी बायको त्या झाडाला सवत म्हणायची. तिने ते कधी पाहिलं नव्हतं. नोकरांच्या घरच्यांना आत सोडत नसत. "काय म्हणते माझी सवत?" हा तिचा रोजचा प्रश्न. त्या संध्याकाळी मात्र नवऱ्याने ताट बाजूला सारलेलं पाहून तिने थट्टा गिळली.

"भिंत केवढी आहे हो?"

"दोन पुरुष उंच तरी असेल."

"मग शेजारच्या गच्चीवरून टाका की पाणी. मनाई तुम्हाला आहे, पाण्याला नाही."

बायकोची अक्कल माळ्याला पटली. शेजारच्या इमारतीची गच्ची त्याने हातापाया पडून मिळवली, टाकीला रबरी पाइप जोडला, तोंडावर अंगठा दाबून धार सोडली. चार दिवस झकास गेले. पाचव्या दिवशी पाण्याला भलताच जोर आला. धार गुलाबाला ओलांडून थेट पहिल्या मजल्याच्या खिडकीवर आपटली, काच फुटली आणि धोक्याची घंटा बोंबलायला लागली. तिचा संदेश थेट त्यांच्या राजधानीत! संध्याकाळी निषेधपत्र हजर. या देशाने आमच्या दूतावासावर पाण्याचा मारा करून घुसखोरी केली आहे, म्हणे.

दुसऱ्या दिवशी माळी परराष्ट्र खात्याच्या मोठ्या साहेबांपुढे उभा होता.

"हल्ला तुम्हीच केलात?"

"हो साहेब. पाइपाने."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"बायकोच्या."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. हसू लपवायला तेवढाच आडोसा.

"मला काय शिक्षा करायची ती करा," माळी म्हणाला, "पण आधी त्याला बादलीभर पाणी घाला." भर कार्यालयात रडू फुटलं याची त्याला लाज वाटली, पण फुटलं ते फुटलंच.

साहेबांनी आडपडदा न ठेवता सगळी हकिगत पत्रात लिहून पाठवली. तिकडे ते पत्र नेमकं परत गेलेल्या राजदूतसाहेबांच्या हाती पडलं. बारा दिवसांनी उत्तर आलं: आमची तक्रार कायम आहे, गुलाबाला पाणी घालायला हरकत नाही. भांडण लागल्यापासून दोन्ही देशांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट. अटी अर्थात होत्या. रोज अर्धा तास, फक्त बाग, सोबत तिसऱ्याच एका देशाचा अधिकारी साक्षीला. आतली कुठलीही वस्तू बाहेर न्यायची नाही.

पहिल्या दिवशी माळी धावतच झाडापाशी गेला. पानं सगळी गळलेली, फांद्या काळ्या पडलेल्या. त्याने खाली बसून खोडाची साल नखाने जराशी खरवडली. आत हिरवं होतं.

"आहे! जिवंत आहे!" तो असा ओरडला की बाहेर हवालदाराने शिट्टी फुंकली. साक्षीदारसाहेबांनी कडक इस्त्रीच्या सुटात उकिडवं बसून खात्री केली आणि वहीत लिहिलं: झाड जिवंत.

सहा आठवड्यांनी पहिलं फूल उमललं. त्या सकाळी बायकोही बरोबर आली आणि फाटकाबाहेर थांबली. बाहेरून ते झाड दिसत नव्हतं.

"एक फूल न्या बाईंना," साक्षीदारसाहेब हळूच म्हणाले. "मी पलीकडे बघतो."

माळ्याचा हात कात्रीकडे गेला, खोटं कशाला सांगा. मग त्याने तो मागे घेतला.

"नको साहेब. माझ्या भरवशावर सोडलंय त्यांनी."

अर्धा तास तो झाडाशीच होता. खालची वाळकी पानं काढली, माती सैल केली आणि निघताना ते फूल ओंजळीत धरून थोडा वेळ नुसता बसून राहिला.

"आणलं नाहीत ना?" बाहेर बायकोने विचारलं.

"नाही."

"बरं केलंत," ती म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला. मग तिने त्याचा हात हातात घेतला, मातीने भरलेली बोटं नाकाशी नेली आणि डोळे मिटले. हवालदार उगाचच रस्त्याकडे बघू लागला.

"येतोय," ती म्हणाली.