पानगळ पाइन

प्यो जोंगतेकने रोप चिमटीत धरून वर ओढले आणि ते विनातक्रार हातात आले. खालचे टोक कोयत्याने तिरपे छाटलेले होते. मूळ नव्हते.

"ही कुठली जात, बांगसाहेब?"

"पाइन, साहेब," तालुका कचेरीतला कारकून बांग म्हणाला. "कसं हिरवंगार आहे बघा!"

"मुळं न येणारी जात दिसते."

प्योने दुसरे ओढले, तिसरे ओढले. वृक्षलागवडीचा तपासनीस म्हणून एकोणीस वर्षांत त्याने झाडांपेक्षा थापाच अधिक मोजल्या होत्या. तपासणीला मुद्दाम परक्या प्रांतातला माणूस धाडत. ओळखीचा माणूस दुपारचे जेवण घेतो आणि जगलेल्या रोपांचे टक्के वाढवून देतो. प्यो स्वतःचा डबा आणत असे. त्यामुळे माणसांविषयीचे त्याचे मत सुधारले नव्हते.

"वहीत इथे आठशे पानगळ पाइन आहेत. वसंतात लावलेले."

"मेले, साहेब. ऑक्टोबरात पिवळे पडले, आता पार बोडके. रोगच म्हणायचा. तुम्ही येणार म्हणून परवा उपटले नि गावात जळणाला वाटले."

"वहीत नाव कोणी लिहिलं?"

"मीच की."

"वाचा."

"पानगळ पाइन."

"पुन्हा वाचा."

बांगने पुन्हा वाचले. या खेपेस मध्येच त्याचा आवाज मंदावला. दर हिवाळ्यात पाने टाकण्यावरूनच ज्या झाडाचे नाव पडले, त्याने पाने टाकली म्हणून या गृहस्थाने त्याला मृत घोषित केले होते. प्योला राग आला नाही. राग बरोबरीच्या माणसाचा येतो.

"सांगितलं होतं मी ह्याला!" पायथ्याकडून आवाज आला. ओकबुन नावाची साठीची विधवा वर चढत होती. डोक्यावरून माती वाहून वाहून तिची मान आखूड झाली होती. "नख लावून बघ म्हटलं, आत हिरवं आहे. तर म्हणतो कसा, आजी, तुझं नख मोठं की सरकार?"

"गप गं म्हातारे! गाव नापास झालं तर लागवडीच्या कामाबद्दल मिळणारं पीठ बंद होईल. लोक तुझ्याच दारात येतील."

"येऊ देत. ह्या उताराखाली घर माझं आहे, तुझं नाही. मागल्या पुरात डोंगर माझ्या स्वयंपाकघरात शिरला. नवरा तिथंच जेवत होता." ती प्योकडे वळली. "या साहेब, दाखवते."

तिच्या अंगणात किमचीचा, म्हणजे मुरवलेल्या कोबीचा, माठ उघड्यावरच, पेंढा गुंडाळून ठेवलेला होता. हिवाळ्यात गोठू नये म्हणून तो पुरायचा खड्डा शेजारीच होता. तिने त्यावरची चटई उचलली. आत ओल्या मातीत मुळे दडवून, एकमेकींना चिकटून, बोडक्या काड्या उभ्या होत्या.

"घरोघर जाऊन मोळ्या मागितल्या. बाकीच्या चुलीत गेल्या होत्या."

"आणि किमची गोठली तर?"

"मिठाशी भात खाईन. मिठाला पानं नसतात, तेवढं बरं. हा ते उपटणार नाही."

प्योने सगळ्या रोपांना एकेक करून नख लावले. अंदाज हा त्याला लाचेचाच प्रकार वाटे. दोनशे बारा. सालीखाली सगळी हिरवी. अहवालाच्या छापील नमुन्यात 'उतारावर जिवंत' या रकान्यात त्याने शून्य लिहिले. मग पट्टीने नवा रकाना आखला: 'किमचीच्या खड्ड्यात जिवंत: २१२. गावाचे काम चोख.' मृत्यूच्या कारणात 'कीड' किंवा 'अवर्षण' लिहायची रीत होती. त्याने 'बांग' असे लिहिले आणि अहवाल सहीसाठी मागोमाग आलेल्या बांगपुढे धरला.

"साहेब, मला बायकापोरं आहेत."

"झाडांना नव्हती. सही करा."

बांगने सही केली. तिकडे लक्ष न देता ओकबुनने विचारले, "परत कधी लावू?"

"आजच. जमीन गोठायच्या आत."

बसची वेळ झाली तेव्हा निम्मी रोपे लागली होती. प्यो खिडकीशी बसला. शेजारचा प्रवासी वर बघून म्हणाला, "ह्या गावानं बाकी चांगलं रान वाढवलं हं."

प्योने पाहिले. रस्त्यालगत बांगच्या फांद्यांचा पट्टा हिरवागार दिसत होता. त्याच्या वर, उघड्या मातीत, एक म्हातारी वाकून न दिसणाऱ्या कशाभोवती तरी टाचेने माती दाबत होती.