ठिपका नसलेला क्लॅम्प

“सदर वाहनाच्या हेड गॅस्केटमध्ये बिघाड होऊन इंजिनातील तेल व कूलंट एकमेकांत मिसळले असून, विद्युत यंत्रणा अनधिकृत फेरफारामुळे निकामी झाली आहे. दोन्ही दोषांस चालकाचा हलगर्जीपणा कारणीभूत आहे.”

वाक्ये दोन, आरोप तीन, पुरावा शून्य. आरोग्य केंद्राच्या वर्कशॉपचा हा अहवाल शुक्रवारी संध्याकाळी ताईच्या हाती पडला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण; एकोणीस वर्षे ती केंद्राची गाडी स्वतः चालवत घरोघर जाऊन बाळंतपणे करते. सोमवारी अकराला चौकशी होती. गाडी काढून घेतली की नोकरीही गेल्यातच जमा, कारण पायी पोहोचणारी नर्स केंद्राला नको होती.

ज्या तपासणीवर हा निष्कर्ष उभा होता ती अशी: गुरुवारी सकाळी, दोन दिवसांच्या सुट्टीनंतर, गाडी सुरू होईना. वर्कशॉपचे सुपरवायझर आले, आपल्या बॅटरीवरून वायरी जोडून त्यांनी ती सुरू करून दिली, जमिनीवरच्या ओलाव्याकडे उभ्या उभ्या नजर टाकली आणि बाराव्या मिनिटाला निघून गेले. हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहण्यात माझी हयात गेली आहे. न वाचलेल्या ग्रंथावर ठाम अभिप्राय देणारे मी पुष्कळ पाहिले. पण ते निदान मुखपृष्ठ तरी उलटतात.

गाडी सोमवारपर्यंत ताईच्याच अंगणात उभी राहणार होती.

“तू गाडी बघणार?” ताई म्हणाली. “अरे, तुला सायकलची चेन चढवता येत नव्हती!”

“दुरुस्त नाही करायची. वाचायची आहे.”

“मग वाच बाबा. चष्मा विसरू नकोस.”

मी गाडीखाली पांढरे पुठ्ठे पसरले. शनिवारी सकाळी त्यांवर एकच डाग होता: हिरवा, बोटाला किंचित बुळबुळीत, वासाला गोडसर. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी. तेलाचा एक थेंबही नाही.

“चाखून बघ की,” दाजी म्हणाले. ताईचे यजमान रेडिओ दुरुस्त करतात आणि माझी थट्टा हा त्यांचा जोडधंदा आहे.

“विष असतं ते,” ताई ओरडली. “दोघंही गप्प बसा.”

तेल मोजायची काडी बाहेर काढली. कूलंट मिसळले असते तर तेल दुधाळ दिसले असते. ते स्वच्छ तपकिरी होते. थंड रेडिएटरचे झाकण उघडले, तर आत तेलाचा तवंग नाही. पहिला आरोप तेवढ्यातच निकालात निघाला. मात्र गळती खरी होती आणि ती कुणाची, हे ठरायचे होते. डागाच्या बरोबर वर कूलंट फिरवणारा पंप होता म्हणून मी त्याला दोषी ठरवून मोकळा झालो. दाजींनी मान हलवली. “पाणी सरळ पडतं असं कुणी सांगितलं तुम्हाला? ते उतार धरून येतं.”

त्यांचे बरोबर होते. मी इंजिन पुसून कोरडे केले, प्रत्येक जोडावर ताईच्या बाळांसाठीची पावडर भुरभुरली आणि दाजींनी आणलेल्या बॅटरीवरून गाडी सुरू करून दहा मिनिटे चालू ठेवली. पंप कोरडा राहिला. वीतभर वर, रेडिएटरच्या रबरी नळीच्या तोंडाशी पावडर भिजून हिरवी झाली होती.

नळी नवी कोरी होती. तीन आठवड्यांपूर्वीच वर्कशॉपने ती बदलली होती. ती जागेवर आवळून धरणारा क्लॅम्प बोटाने फिरत होता. या वर्कशॉपची एक शिस्त आहे: आवळलेल्या प्रत्येक क्लॅम्पवर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. इंजिनात असे अकरा ठिपके होते. बाराव्या क्लॅम्पवर तो नव्हता. इतका प्रामाणिक पुरावा माझ्या वाट्याला क्वचितच आला आहे.

रविवारी विजेचे प्रकरण. दाजींनी बॅटरीची वायर सोडवून मध्ये मल्टिमीटर जोडला आणि दार बंद आहे असे गाडीला वाटावे म्हणून दाराचे बटण टेपने दाबून ठेवले. सगळे बंद असतानाही काटा अर्ध्या अँपिअरच्या आसपास होता. मी एकेक फ्यूज उपसत गेलो. आतल्या दिव्यांचा फ्यूज निघताच काटा जवळजवळ शून्यावर आला. फ्यूज परत बसवला, तर छतावरचा दिवा विझलेलाच.

“मग खातंय कोण?” दाजी म्हणाले.

ताईने डॅशबोर्डच्या खणात हात घातला आणि झटक्यात मागे घेतला. “अगं बाई, चटका बसला!”

खणातला छोटा दिवा अखंड जळत होता, कारण झाकण पुरते लागतच नव्हते. आत वर्कशॉपने सर्व्हिसिंगच्या वेळी कोंबलेली जाडजूड फाइल होती. तिच्यावर सोनेरी अक्षरांत ‘आपली काळजी, आमचे वचन’. दोन दिवस गाडी उभी राहिली की त्या वचनाने बॅटरी पिऊन टाकायची. अनधिकृत फेरफार म्हणायचा तो हाच.

ताई पायरीवर बसली आणि हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. “दोन रात्री झोपले नाही रे मी. वाटत होतं, माझ्याच हातून काहीतरी झालं असेल.”

सोमवारी मी टेबलावर पुठ्ठा, छायाचित्रे आणि ती फाइल ठेवली. केंद्रप्रमुखांनी सुपरवायझरांना एवढेच विचारले, “बॅटरी सोडून दुसऱ्या कशाला हात लावला होतात?” सुपरवायझरांनी मान आडवी हलवली. अहवाल तिथेच रद्द झाला. किल्ली ताईकडे परत आली आणि पाचव्या मिनिटाला तिचा फोन वाजला. “किती मिनिटांनी येतायत कळा? निघालेच मी,” म्हणत ती जिना उतरली देखील. तिच्या चालण्यातला तो जुना वेग पाहून माझ्या छातीवरचा दगड उतरला.

सुपरवायझरांचा जबाब ती गेल्यावर लिहून घेतला गेला. तो जसाच्या तसा देतो:

“मी काही उघडून पाहिलं नाही. कूलंट दिसलं तेव्हाच वाटलं, ती नळी मीच बसवलीय, क्लॅम्प आवळायचा राहिला असणार. पण कॉम्प्युटरवरच्या फॉर्ममध्ये ‘कारण’ निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, आणि त्या यादीत ‘वर्कशॉपची चूक’ असा पर्यायच नाही. सगळ्यात वर ‘चालकाचा हलगर्जीपणा’ आहे. सहा वर्षं झाली, आम्ही सगळे तोच निवडतो.”