गुलाबी धुराड्याचं इंजिन

लाँड्रीच्या वरच्या खोलीत दर बुधवारी दुपारी चार म्हातारी माणसं आगगाड्या खेळत. 'खेळत' हा शब्द मात्र त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. "आम्ही गाड्या चालवतो," असं लाँड्रीवाले ज्याला त्याला ठणकावून सांगत. खोली त्यांचीच. धंदा मुलाच्या हवाली केल्यावर त्यांनी इस्त्रीची दोन लांब टेबलं एकमेकांना जोडली, त्यावर रूळ अंथरले, एक स्टेशन उभं केलं आणि बायकोला सांगितलं, "आता मला बुधवारी मेलो तरी हाक मारू नकोस."

रुळांमधल्या टेकड्या, झाडं आणि गुरं बालवाडीच्या निवृत्त बाईंची. स्पंजाचे तुकडे रंगवून त्यांनी अख्खं जंगल उठवलं होतं. बाईंची जुनी सवय अजून गेली नव्हती. बिस्किटांच्या डब्याकडे कुणाचा हात वळला की त्या विचारत, "हात धुतले का?" आणि सत्तरी गाठलेले बाप्ये निमूट उठून हात धुऊन येत.

तिसरे ड्रायव्हर. जन्मभर बस चालवलेले, मनगटं अजून मुसळासारखी. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू खाल्ली होती, पण गाडीचा वेग ते नुसत्या आवाजावरून ओळखत. "वळणावर जास्त पळतेय," असं ते खुर्चीत बसल्या बसल्या म्हणत, आणि बघावं तर खरंच शेवटचा डबा कलंडायच्या बेतात असे.

चौथे कवळीवाले. दाताचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवायचे आणि त्यावरून कवळी घडवायचं काम यांचं. आयुष्य मेणात दात रोवण्यात गेलं. "या गल्लीतली निम्मी म्हातारी माणसं ह्यांच्या दातांनी हसतात," असं लाँड्रीवाले म्हणत. साहजिकच गाड्यांची नाजूक कामं त्यांच्याकडे यायची. डब्याचा मोडका आकडा असो की वाकलेला दांडा, सगळे बिनघोर त्यांच्या पुढ्यात टाकत आणि गप्पा मारायला मोकळे होत. कवळीवाले स्वतः फारसे बोलत नसत. त्यांचे हातच काय ते बोलायचे.

तेच हात हल्ली ऐकेनासे झाले होते. आधी उजवा अंगठा थरथरायला लागला, मग सगळा पंजा. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या. नवरा-बायकोने घरात बसून ठरवलं, इतक्यात कुणाला कळू द्यायचं नाही. अळीमिळी गुपचिळी. तेव्हापासून कवळीवाले बुधवारी उजवा हात खिशात ठेवून बसू लागले. चहा आला की, "नको, पित्त झालंय," म्हणत. पित्त कधी बरंच होईना, तेव्हा बाईंनी एकदा त्यांच्याकडे चष्म्यावरून बघितलं, पण विचारलं काही नाही.

आणि मग तो बुधवार उजाडला. ड्रायव्हरांचं इंजिन चालता चालता अडखळू लागलं. ते काळं इंजिन त्यांना त्यांच्या बायकोने दिलेलं. ते निवृत्त झाले त्या संध्याकाळी तिने ते हातात ठेवलं होतं आणि म्हणाली होती, "इतकी वर्षं मोठी गाडी हाकलीत, आता ही हाका. निदान रात्री घरी तरी असाल." ती जाऊनही आता बराच काळ लोटला होता.

"बघ रे जरा," म्हणून ड्रायव्हरांनी ते कवळीवाल्यांच्या पुढे केलं.

नाही म्हणायला तोंड होतं, पण कारण नव्हतं. कवळीवाल्यांनी दोन्ही हातांनी इंजिन धरलं, खिडकीच्या उजेडात नेलं, आणि हाताला असा काही झटका आला की इंजिन टेबलाच्या कोपऱ्यावर आपटून खाली फरशीवर पडलं.

ड्रायव्हर आवाजाच्या दिशेने मान वळवून बसले होते.

"काय पडलं?"

"इंजिन," बाई हळूच म्हणाल्या.

"कुणाचं?"

कुणाच्यानेच सांगवेना. ड्रायव्हरच म्हणाले, "माझं असणार. असू दे. म्हातारं झालं होतं तेही."

त्या 'असू दे'ने कवळीवाल्यांच्या काळजाचं पाणी झालं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं त्यांना वाटलं. धुराड्याचा चुरा झाला होता, चाकांना जोडणारा दांडा वाकला होता. त्यांनी तुकडे वेचून टेबलावर ठेवले आणि काहीतरी पुटपुटून जिना उतरले.

पुढच्या बुधवारी ते गेले नाहीत. बायकोने फोनवर सांगितलं, पोट बिघडलंय. त्याच्या पुढच्या बुधवारी पाहुणे आले. मग दाढ दुखायला लागली.

"दाढ?" लाँड्रीवाले फोनवर म्हणाले. "वहिनी, त्यांच्या तोंडात त्यांचीच कवळी आहे. दुखायला दाढ आणली कुठून?"

बायकोने फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, आता माझ्याकडची कारणं संपली. यापुढे तुमची तुम्ही शोधा."

कवळीवाले दिवसभर खिडकीशी बसायचे आणि आपल्या हाताकडे एखाद्या हाताबाहेर गेलेल्या पोराकडे बघावं तसे बघत राहायचे. रूळ, इंजिनं, बुधवार, सगळं संपलं अशी त्यांनी मनाची समजूत घालून टाकली होती. कानाला खडा. दुसऱ्याच्या वस्तूला पुन्हा हात लावायचा नाही.

एका सकाळी बेल वाजली. दारात ड्रायव्हर, आणि त्यांचं कोपर धरून बाई. "ह्यांना सोडायला आले," बाई म्हणाल्या. "मला भाजी घ्यायचीय. तासाभराने न्यायला येते." आणि वहिनींनाही आपल्याबरोबर घेऊन गेल्या. मुलांना भांडण मिटवायला एकटं कसं सोडायचं, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

ड्रायव्हर चाचपडत खुर्चीत बसले. पिशवीतून जेवणाचा डबा काढला, उघडून टेबलावर ठेवला. डब्यात कापसावर इंजिन आणि त्याचे तुकडे.

"दुरुस्त करायचंय," ते म्हणाले.

"मला जमणार नाही."

"का?"

कवळीवाले उठले, त्यांनी ड्रायव्हरांचा हात धरला आणि आपल्या उजव्या हातावर ठेवला. हात पाखरासारखा फडफडत होता. ड्रायव्हरांनी तो तसाच धरून ठेवला.

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. कंपवात म्हणतात."

"आणि आम्हाला पित्त सांगत होतास."

"काय सांगणार? तुम्ही मला हातासाठी बोलवायचात. हातच गेला तर उरलं काय माझ्यात?"

"गाढव आहेस," ड्रायव्हर शांतपणे म्हणाले. "मला दिसेनासं झालं तेव्हा मीही यायचं बंद केलं होतं. आठवतं? तेव्हा घरी कोण आलं होतं? तू. एक शब्द न बोलता तासभर बसलास. जाताना म्हणालास, बुधवारी न्यायला येतो. आलास. तेव्हापासून येतोयस. आता तू घरात बसलास तर मला कोण नेणार? बाई नेतात, पण रस्ताभर पाढे म्हणायला लावतात."

कवळीवाल्यांना हसू आलं. त्याबरोबर डोळ्यांतही पाणी आलं, पण समोरच्याला ते दिसणार नव्हतं.

"तुला दिसतं, माझे हात थरथरत नाहीत," ड्रायव्हर पुढे म्हणाले. "दोघांचा मिळून एक धड माणूस होतो की नाही बघू. सांग, सामान कुठे आहे?"

सामान पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत होतं. पेटी उघडली आणि मेणाचा वास खोलीभर पसरला. आधी त्यांनी सोपं काम घेतलं, वाकलेला दांडा. ड्रायव्हरांच्या जाड बोटांत चिमटा होता, आणि कवळीवाले भिंगातून बघत सांगत होते. "डावीकडे. अजून. नको, फार झालं. मागे ये."

"असं नाही," ड्रायव्हर म्हणाले. "गाडी मागे घेताना आमचा कंडक्टर काय करायचा माहितीये? पत्र्यावर थापा मारत राहायचा. थाप चालू तोवर यायचं, थाप थांबली की थांबायचं. तू टेबलावर वाजव."

कवळीवाल्यांनी थरथरणारा हात टेबलावर ठेवला. थाप मारायला त्या हाताला काही कष्टच नव्हते, तो आपसूक वाजत होता. थांबायचं असलं की ते तो उचलून घेत. ही युक्ती दोघांनाही इतकी आवडली की दांडा सरळ होईपर्यंत दोनदा हसून हसून काम थांबवावं लागलं. बाई आणि वहिनी परत आल्या तेव्हा दोघे टेबलावर वाकून बसलेले, आणि टेबलावर ताशा चालू.

धुराड्याला आठवडा लागला. लाँड्रीवाल्यांकडे तशाच बनावटीचं दुसरं इंजिन होतं. तेच घेऊन ते आले. तोंडाचं माप घ्यायच्या लगद्यात त्याच्या धुराड्याचा ठसा घेतला. लगदा कालवला ड्रायव्हरांनी. किती पातळ, किती घट्ट हे कवळीवाले सांगत होते, आणि लाँड्रीवाले मध्ये मध्ये नको ते सल्ले देत होते.

"माझ्या इंजिनाचं माप घेताय, त्याला आ करायला तरी सांगा."

"तुम्ही मिटा म्हणजे झालं," कवळीवाले म्हणाले. त्यांच्या तोंडून इतकं चटपटीत उत्तर लाँड्रीवाल्यांनी कधी ऐकलं नव्हतं. ते खूश होऊन गप्प बसले.

साच्यात ओतायला पेटीत एकच भुकटी शिल्लक होती, कवळीच्या हिरड्या बनवायची. धुराडं घट्ट झालं, ड्रायव्हरांनी कानशीने अलगद घासलं, जागेवर चिकटवलं. काळ्याकुट्ट इंजिनावर हिरडीच्या रंगाचं गुलाबी धुराडं. लाँड्रीवाले पोट धरून हसले.

"रंग मारून टाकू काळा," कवळीवाले ओशाळून म्हणाले.

"आधी चालवून बघू," ड्रायव्हर म्हणाले.

बुधवारी सगळे वर जमले. कवळीवाल्यांनी ड्रायव्हरांना कोपर धरून जिन्यावरून आणलं. इंजिन रुळावर ठेवलं ड्रायव्हरांनी, थाप वाजवली कवळीवाल्यांनी. चाकं बरोबर बसली. गाडी निघाली, स्टेशन सोडून वळणावर आली, पुलावर चढली. ड्रायव्हर नेहमीसारखे कान देऊन बसले होते. मग त्यांनी मान पुढे काढली.

"अरे," ते म्हणाले, "ते पुलावर आहे ना आत्ता?"

"हो. आवाजावरून?"

"आवाजावरून नाही. दिसतंय मला. गुलाबी ठिपका दिसतोय. सरकतोय." त्यांचं बोट हवेत गाडीच्या मागोमाग फिरू लागलं. "आता टेकडीपाशी. आता गेला. बोगद्यात गेला. थांबा, हा बाहेर आला बघा."

ते काळं इंजिन त्या अंधूक डोळ्यांना टेबलावर कधीच वेगळं दिसत नव्हतं. कितीतरी दिवसांनी ते आपली गाडी चालताना बघत होते. बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. लाँड्रीवाल्यांनी गाडी आणखी एक फेरी जाऊ दिली, मग आणखी एक.

"रंग मारू नकोस," ड्रायव्हर म्हणाले. "आमच्या हिला आवडलं असतं. दुकानात काळंच मिळालं म्हणून कुरकुरली होती तेव्हा."

गाडी थांबल्यावर चहा आला. बाईंनी न विचारता कवळीवाल्यांच्या पुढे मोठा कप ठेवला, अर्धाच भरलेला. त्यांनी कपाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि खिशातला हात बाहेर काढला.

"मला कंपवात झालाय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बरा होत नाही म्हणतात. वाढेल तो."

"माझ्या गुडघ्यांचंही तेच म्हणतात," लाँड्रीवाले म्हणाले. "आणि बाईंना साखर आहे, तरी बघा बिस्किटावर डोळा."

"मी हात धुतलेत," बाई म्हणाल्या आणि बिस्कीट उचललं.

त्यावर चौघांच्या दुखण्यांची अशी काही चर्चा रंगली की त्या दिवशी दुसरी गाडी सुटलीच नाही. कुणाची गोळी सकाळची, कुणाची जेवणानंतरची, कुणाचा डॉक्टर बोलतच नाही तर कुणाचा ऐकतच नाही. कवळीवाल्यांचा चहा थोडा बशीत सांडला, थोडा शर्टावर. "थंड पाण्यात टाका, साबण नंतर," एवढंच लाँड्रीवाले म्हणाले, आणि तेही धंद्याची सवय म्हणून.

परत जाताना दोघे सावकाश चालत होते. ड्रायव्हरांचा हात कवळीवाल्यांच्या कोपरात. कोपर थरथरत होतं, पण धरणाऱ्याची पकड पक्की होती. कवळीवाल्यांच्या मनात सकाळपासून काहीतरी घोळत होतं. कसं बोलावं ते सुचत नव्हतं, कारण असलं बोलायची त्यांना सवयच नव्हती. शेवटी कोपऱ्यावर आल्यावर ते म्हणाले, "तू त्या दिवशी घरी आलास, बरं केलंस. तुझे उपकार आहेत माझ्यावर."

चार पावलं पुढे गेल्यावर ड्रायव्हरांनी कंडक्टरचा विषय काढला.

"तो कंडक्टर सांगितला ना तुला," ते म्हणाले. "किती वर्षं त्याच्या थापेवर मी डोळे मिटून गाडी मागे घेतली. एकदाही त्याला असं म्हटलं नाही. उद्या म्हणू, परवा म्हणू करत राहूनच गेलं. तू म्हणालास, चांगलं केलंस." मग त्यांनी पुस्ती जोडली, "आता माझंही ऐकून ठेव. आज मी इंजिन बघितलं. तुझ्यामुळे बघितलं."

कवळीवाल्यांनी उत्तरादाखल नुसतं कोपर जरा घट्ट दाबून धरलं.

"पुढे काय आहे?" ड्रायव्हरांनी विचारलं.

"खड्डा आहे. डावीकडून ये."